मास्तरांचं दुसरं आवतण

सुभाषराव चासकर बत्तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर, प्रवाशांच्या भाषेत मास्तर, होते, आणि त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम महाळुंगे पडवळमध्ये चांगलाच गाजला होता. घरापुढं मांडव, पाहुण्यांना फेटे, भावाच्या मुलानं, अमृतनं, ठरवलेला डीजे आणि चारशे पानं. लोक जेवून तृप्त होऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाचे वासे उतरवले जात होते आणि सुभाषराव ओट्यावर चहाचा कप घेऊन बसले होते. गाडी सुटण्याआधी डोकी मोजायची त्यांची सवय अजून गेली नव्हती. कालची डोकी आठवता आठवता त्यांच्या लक्षात आलं, तीन माणसं उपाशीच राहिली.

पहिली त्यांची थोरली बहीण ठमाबाई. आई लवकर गेल्यावर तिनंच सुभाषरावांना लहानाचं मोठं केलं. तिला मढला दिलेली. तिनं मुलाच्या हाती नारळ आणि शाल धाडली होती, गुडघे दुखतात म्हणून स्वतः आली नव्हती. दुसरा हनुमंत ड्रायव्हर. अकरा वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढलेली. तो आला, गळ्यात हार घातला, हात घट्ट दाबला आणि पंगत बसायच्या आत निघून गेला. तिसरी त्यांची नात समृद्धी, तेव्हा चार वर्षांची. डीजेचा पहिला दणका बसला तशी ती कॉटखाली शिरली ती बाहेरच येईना. त्यांची मुलगी हर्षाली तिच्याजवळ फरशीवर बसून राहिली आणि उजाडताच दोघी चाकणला परत गेल्या. पुढं वर्षभरानं डॉक्टरांनी सांगितलं की पोर स्वमग्न आहे, आपल्या कानांवर आवाज आदळतो त्याच्या कितीतरी पट तिच्या कानांवर आदळतो.

"ज्यांना जेवू घालून मला समाधान वाटलं असतं, नेमके तेच जेवले नाहीत," सुभाषराव बायकोला म्हणाले.

आरतीबाई मांडवाखाली सांडलेला भात झाडत होत्या. "मग परत बोलवा," त्या म्हणाल्या. "जेवायला बोलवायला निवृत्तच व्हावं लागतं असं कुठंय?"

पण नुसतं बोलावून काम होईना. पुढच्या दीड वर्षात ठमाबाईला दोनदा आवतण गेलं. दोन्ही वेळा ती हो म्हणाली आणि आली नाही. हनुमंत फोनच उचलायचा नाही. त्याची बायको जानकाबाई सांगायची, बरं नाही त्यांना. कंडक्टरला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: माणूस थांब्यावर उभा आहे आणि गाडीत चढत नाही, याचा अर्थ त्याला जायचं नाही असा नसतो. कधी पायरी उंच असते. एका सोमवारी सुभाषरावांनी पिशवी उचलली आणि मढची गाडी धरली.

ठमाबाई चुलीपुढं स्टुलावर बसून तांदळाच्या भाकरी थापत होती. भाऊ आलेला बघून तिला आनंद झाला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. सुभाषरावांनी विषय काढला, तशी ती पुन्हा गुडघेदुखीचं सांगू लागली. ते म्हणाले, दारातून दारात गाडी पाठवतो. ती म्हणाली, बघू. ते म्हणाले, अमृत स्वतः न्यायला येईल. ती पुन्हा म्हणाली, बघू.  तव्यावरची भाकरी फुगली, उतरली, दुसरी पडली, तरी सुभाषराव उठले नाहीत.

शेवटी तीच बोलली. "तू पुरुष मानूस. तुला काय सांगायचं."

"आक्का, तू मला अंघोळ घातलीयस."

ती हसली. मग भाकरीकडं बघत म्हणाली, "मला खाली बसाया येत न्हाई. बसले तर उठाया येत न्हाई. हितं सूनबाईनं संडासात खुर्ची करून घेतलीय. लोकाच्या घरी जायचं म्हनलं की आदल्या दिसापासून पानी बंद करावं लागतं. पानी न्हाई तर जेवन बी घशाखाली उतरत न्हाई. लोकांला वाटतं, म्हातारीला लई मान पायजे. पान्याला हात लावत न्हाई म्हनत्यात."

 सुभाषरावांना एक जुनी दुपार आठवली. कल्याणहून येणारी गाडी, घाट चढून वर आलेली, आणि मधल्या सीटवरची एक म्हातारी. तिनं दोनदा विचारलं होतं, मास्तर, जरा थांबवता का. गाडी आधीच उशिरा धावत होती. ते म्हणाले होते, आता आळेफाट्यालाच. आळेफाटा आला तेव्हा ती उतरली नाही. सगळे उतरेपर्यंत पदर तोंडात धरून बसून राहिली. सुभाषरावांनी मागं वळून बघितलं होतं आणि बघितलंच नाही असं दाखवून ते कंट्रोलरच्या खिडकीकडं निघून गेले होते. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. त्या दिवशीही सांगितली नाही. फक्त विचारलं, "तुला काय काय लागतं, आक्का? सगळं सांग."

"काय लागायचं? तशी खुर्ची. उठताना धराया काईतरी. आन दाराला आतनं कडी."

इतकंच. दीड वर्षं अडून बसलेली गोष्ट ती एवढीशी होती.

परतीच्या वाटेवर ते आळेफाट्याला उतरले. गॅरेजांच्या मागच्या आळीत हनुमंतचं घर होतं. हनुमंत दारातच उन्हाला बसला होता. सुभाषरावांनी हाक मारली ती त्याला ऐकू गेली नाही. समोर जाऊन उभे राहिले तेव्हा तो धडपडत उठला. जानकाबाईंनी चहा टाकला आणि आतून एक डबी आणून दाखवली. मुलानं घेतलेलं ऐकायचं यंत्र त्यात कापसात ठेवलेलं होतं.

घरात हे लावतो, ते कानात घालत हनुमंतनं सांगितलं. चार माणसांत जमतं. पण गर्दीत गेलं की भांड्याचा आवाज, खुर्चीचा आवाज, माणसाचा आवाज, सगळे एकाच मापानं कानात येतात, निवडताच येत नाहीत. इंजिनाच्या शेजारी तीस वर्षं बसल्याचं हे बक्षीस.

"सगळे हसले की मी बी हसतो," तो म्हणाला. "कशाला हसलो ते घरी आल्यावर हिला विचारतो. मग वाटतं, जाऊच नये."

सुभाषरावांनी विचारलं, एका टेबलाला पाचसहाच माणसं असली तर?

"तोंड समोर पायजे. ओठांवरनं निम्मं कळतं." मग हनुमंत म्हणाला, "तुमचं मात्र न्हाई कळत, मास्तर. तुमच्या मिशीत अर्धा शब्द अडकतो."

जानकाबाईंनी त्याला डोळ्यांनी दटावलं. सुभाषराव मिशीवरून हात फिरवत हसले. ती मिशी त्यांनी नोकरीला लागल्यापासून राखलेली होती.

तिथूनच त्यांनी औषधाच्या दुकानात जाऊन भोक असलेली, हात असलेली खुर्ची घेतली आणि ती मांडीवर घेऊन एस.टी.नं घरी आले. गाडीवरच्या तरुण कंडक्टरनं विचारलं, हे सिंहासन कुणासाठी, मास्तर? आक्कासाठी, ते म्हणाले, आणि खिडकीतून कांद्याची रानं बघत बसले.

आता घरात बेत सुरू झाला. रविवार ठरला, फाल्गुनातला. माणसं चौतीस, त्याहून एक जास्त नाही, यावर आरतीबाई ठाम होत्या. त्यांची दुसरी अट स्वयंपाकाची. सुभाषरावांनी वहीत लिहून ठेवलं होतं की कुणाला साखर आहे, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला दात नाहीत. त्या प्रत्येकासाठी वेगळं काय करायचं याची यादी ते वाचू लागले तशी आरतीबाईंनी वही मिटवली.

"वेगळं ताट पुढं आलं की माणूस चारचौघांत आजारी दिसतो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना चालेल असंच सगळं करू."

म्हणून मासवडी ठरली. बेसनाची, मऊ असते, दाताचं काम नाही. रस्सा दोन पातेल्यांत, एक झणझणीत आणि एक बेताचा, ज्याला जो हवा तो. ज्वारीची भाकरी, भात, मठ्ठा. शेवयांची खीर बिनसाखरेची, साखर शेजारी वाटीत. जमिनीवरची पंगतही त्यांनीच रद्द केली. आक्का एकटी खुर्चीवर आणि बाकी सगळे खाली, हे चांगलं दिसत नाही, बसायचं तर सगळ्यांनी वर बसायचं. शाळेतून आणि समाजमंदिरातून टेबलं आणली, सहासात माणसांना एक अशी पाच ठिकाणी मांडायची ठरली. अमृत म्हणाला, काका, छोटासा स्पीकर तरी लावू या का, अगदी हळू. सुभाषरावांनी नुसतं त्याच्याकडं बघितलं. पोरगं समजूतदार होतं. स्पीकरचा विषय सोडून त्यानं परसातल्या संडासाच्या दोन पायऱ्यांवर सिमेंटचा उतार केला, आत भिंतीला लोखंडी पाइप बसवला आणि दाराला नवी कडी लावली. पाइपला स्वतः लोंबकळून बघितलं.

राहिली समृद्धी. हर्षाली फोनवर म्हणाली, आम्ही सगळे गेल्यावर संध्याकाळी येतो, तुम्ही आमच्यापायी माणसांना गप्प बसवू नका. सुभाषरावांनी तिला विचारलं, पोरीला नेमका कशाचा त्रास होतो?

"आवाजाचा होतोच, बाबा. पण आता पुढं काय होणार हे माहीत नसलं की त्याहून जास्त होतो. आधी सांगून ठेवलं आणि तसंच घडलं तर ती खूप काही सहन करते."

हे मात्र सुभाषरावांच्या हातचं काम होतं. त्यांनी एक कोरा पुठ्ठा घेतला आणि बसस्थानकावर असतं तसं वेळापत्रक आखलं. दहा वाजता मढच्या आजी येतील. साडेदहाला चहा. अकरा वाजता हनुमंत आजोबा. सव्वाबाराला जेवण. एक वाजता मागच्या खोलीत आराम, तिथं कुणी येणार नाही. प्रत्येक ओळीपुढं घरात कोण कोण असेल त्यांची नावं आणि आकडा. पुठ्ठ्याचा फोटो आठ दिवस आधी चाकणला गेला. हर्षालीनं कळवलं की समृद्धीला तो तोंडपाठ झालाय आणि तिनं एक चूक काढलीय, चहाच्या वेळी तेरा माणसं लिहिलीत, पण नावं मोजली तर चौदा होतात. सुभाषरावांनी मोजून बघितलं. ते स्वतःला धरायला विसरले होते.

शनिवारी ते मंचरला जाऊन मिशी पार काढून आले. आरतीबाईंनी दार उघडलं आणि क्षणभर ओळखलंच नाही.

रविवारी सगळं वेळेवर सुरू झालं. अमृतच्या गाडीतून ठमाबाई आली, पाटावर पाय ठेवून उतरली. आरतीबाई तिला पाय धुवायला म्हणून परसात घेऊन गेल्या आणि काय कुठं आहे ते दाखवून आल्या. समृद्धी आईचा हात धरून आली, सगळ्यांकडं पाठ करून पुठ्ठ्यापुढं उभी राहिली आणि तिथंच रमली. हनुमंतला भिंतीकडं पाठ आणि उजेडाकडं तोंड अशी जागा दिली. त्यानं सुभाषरावांकडं बघितलं, पुन्हा बघितलं, आणि स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं. बायकांच्या गप्पा रंगल्या. आरतीबाई मासवड्या कापायला बसल्या.

बारा वाजून दहा मिनिटांनी गावाच्या वेशीकडून धडधड ऐकू आली. शेजारच्या आळीतल्या नवरदेवाची मिरवणूक. लग्न तीन वाजताचं, असं सुभाषरावांनी आधीच विचारून ठेवलं होतं, पण मिरवणूक दुपारीच काढायचं त्या घरच्यांनी सकाळी ठरवलं होतं. ट्रॅक्टरवर रचलेले स्पीकर हळूहळू जवळ येत होते. खिडकीची तावदानं थरथरू लागली. सुभाषराव चपला न घालताच बाहेर धावले. नवरदेवाच्या बापानं त्यांचं ऐकून घेतलं, हात जोडले, आवाज कमी करायला सांगितला. तो थोडा कमी झाला, पण ट्रॅक्टरला पुढं काढायला वाट नव्हती, पुढं पोरं नाचत होती. पंधरावीस मिनिटं तरी जाणार.

सुभाषराव धावतच परत आले. पुठ्ठ्यापुढं समृद्धी नव्हती. हर्षाली मागच्या खोलीच्या दाराशी उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवून आत बघायची खूण केली.

ती खोली धान्याच्या कणग्यांची, जाड भिंतींची, घरातली सगळ्यात शांत. समृद्धी कानांवर हात ठेवून गोण्यांना टेकून बसली होती आणि तिच्यासमोर जमिनीवर हनुमंत. त्याला ती खोली कुणी सांगितली नव्हती. यंत्रातून तो गोंगाट सहन होईना म्हणून तो उठून सगळ्यात लांबची खोली शोधत आला होता. त्यानं कानातलं यंत्र काढलं, समृद्धीला दाखवलं आणि खिशात ठेवलं. ती बघत राहिली. मग तो दोन्ही हात स्टिअरिंगवर धरावेत तसे धरून बसला आणि गाडी चालवू लागला. गिअर टाकला. वळण घेतलं. ती त्याच्या हातांकडं टक लावून बघत होती. थोड्या वेळानं तिनं एका कानावरचा हात काढला, वरची अदृश्य दोरी धरली आणि ओढली. एकदा. हनुमंतनं गाडी थांबवली. तिनं दोनदा ओढली. गाडी निघाली.

बेलची ही खूण तिला कुणी शिकवली, हे सुभाषरावांना आठवेना. कधीतरी फोनवर बोलता बोलता त्यांनीच सांगितली असेल. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. हर्षालीनं त्यांच्या दंडाला हात लावला. दोघंही आत गेले नाहीत.

मिरवणूक गेली. समृद्धी आपली आपण बाहेर आली, पुठ्ठ्यापुढं गेली आणि आईकडं पेन्सिल मागितली. जेवणाच्या ओळीपुढं तिनं नीट अक्षरात लिहिलं, उशीर २५ मिनिटं. मग खालच्या सगळ्या वेळा बदलून दिल्या. बारा चाळीसला जेवण. बारा अडतीसला ती आरतीबाईंच्या मागं जाऊन उभी राहिली, आणि पाहुणे हसत हसत ताबडतोब टेबलांकडं वळले. महाळुंग्यात इतक्या वेळेवर जेवण कुणाकडं वाढलं गेलं नव्हतं.

सुभाषराव भाकरीची टोपली घेऊन फिरत होते. हनुमंत यंत्र लावून पुन्हा भिंतीजवळ बसला होता आणि घाटात एकदा गाडीपुढं म्हैस आडवी झाल्याची गोष्ट सांगत होता. या वेळी तो सांगत होता आणि बाकीचे हसत होते. जानकाबाई पदर तोंडाला लावून त्याच्याकडं बघत होत्या. ठमाबाईच्या टेबलापाशी सुभाषराव आले तेव्हा तिनं मासवडीचा तुकडा झणझणीत रश्श्यात बुडवून तोंडात टाकला होता. डोळ्यांत पाणी आलेलं.

"लई तिखट केलंय तुझ्या बायकोनं," ती म्हणाली, आणि रिकामा पेला पुढं केला. "पानी दे. मोठ्या तांब्यातनं दे."

त्यांनी पेला भरला. तिनं तो एका दमात संपवला आणि पुन्हा पुढं केला. सुभाषरावांनी तो पुन्हा काठोकाठ भरला.  चार वाजता चहा झाला, तोही ठमाबाईनं दोनदा घेतला, आणि घरी जायचं नाव तिनं दिवे लागेपर्यंत काढलं नाही.

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली ती आरतीबाईंच्या मासवडीमुळं की आणखी कशामुळं, सांगता येत नाही. पण आता महाळुंग्यात कुणाकडं बारसं असो की साठी, घरातलं कुणीतरी सुभाषरावांकडं येऊन विचारतं, जरा बघता का येऊन. ते जातात. मोठं काही सांगत नाहीत. म्हाताऱ्या कुठं बसणार, उठताना धरतील काय, पोरांना कुठं निजवणार, तान्ह्या लेकरांच्या आया कुठं बसतील, एवढंच विचारतात. आणि सांगतात, पाहुण्याला आधीच फोन करून विचारा. लाजू नका. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

भाताची कापणी उरकल्यावर ठमाबाईचा फोन आला. तिला मढला सगळ्यांना जेवायला बोलवायचं होतं. आरतीबाईंना काय चालतं, समृद्धीला कुठली खोली लागेल, हनुमंतचं टेबल कुठं, ती एकेक विचारत होती आणि सून शेजारी बसून लिहून घेत होती. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आन तुला काय लागतं, सुभाष?"

सुभाषरावांना हे कुणी विचारलं नव्हतं. मला काय लागणार, असं ते म्हणणार होते, पण मग थांबले. बत्तीस वर्षं ते स्टँडवर उभ्या उभ्या, आठ मिनिटांत डबा संपवत आले होते. अजूनही कुठल्याही जेवणात ते सगळ्यांच्या आधी हात धुऊन मोकळे व्हायचे आणि मग एकटेच बाहेर ओट्यावर बसायचे.

"आक्का, मला सावकाश जेवता येत नाही," ते म्हणाले. "माझ्या शेजारी कुणीतरी सावकाश जेवणारं बसव."



"मग माझ्याच शेजारी बस," ती म्हणाली. "मला दात न्हाईत."

मढला ते तिच्याच शेजारी बसले. तिनं भाकरी दुधात कुस्करली, भिजू दिली, मग एकेक घास. मध्ये मध्ये ती जुन्या गोष्टी काढायची आणि घास हातातच राहायचा. सुभाषरावही थांबायचे. इतर पाहुणे उठले, हात धुऊन बाहेर गेले, अंगणात गप्पा सुरू झाल्या. ही दोघं भावंडं आतच होती. जेवण उरकायला पुरता एक तास लागला, आणि सुभाषरावांनी पहिल्यांदाच मठ्ठा दुसऱ्यांदा मागून घेतला.